उत्तरेचं पाखं

व्हेर्कारो, ३ सप्टेंबर १९९५

एल्वेत्सिओ,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खाडाखोड केलेला कागद पाठवायची लाज वाटली, म्हणून हा दुसरा कागद घेतला. तेव्हा 'प्रिय' नाही म्हणून राग धरू नकोस. सतरा वर्षांनी भाऊ भावाला काय म्हणतो ते मला ठाऊक नाही.

पत्ता ओर्नेल्लाने दिला. तू दर नाताळला तिच्या खानावळीच्या पत्त्यावर कार्ड पाठवतोस, हे मला आत्ता कळलं. सगळी कार्डं तिने आरशाच्या कडेला खोचून ठेवली आहेत. मी त्याच आरशासमोर बसून रोज वाइन पितो, पण कधी वर बघितलं नाही.

कामाचं लिहितो. सान देफेंदेंतेच्या चॅपेलचं छप्पर काढायला घेतलंय. यंदाच्या बर्फाने उत्तरेकडचे दोन वासे खचले आणि आतली भिंत पुन्हा ओली झाली. बाळाला पाजणाऱ्या मातेचं चित्र आता निम्मंसुद्धा उरलेलं नाही. बाळ दिसतं, माता खांद्यापर्यंतच. छपराच्या दक्षिण उताराचं पाखं तसंच आहे. मी स्वतः घातलंय म्हणून सांगत नाही, गेल्या आठवड्यात वर चढून प्रत्येक दगडी लादीवर हातोडीची दांडी वाजवून पाहिली. एकशे चौऱ्याऐंशी लाद्या, एकही बद्द वाजली नाही.

उत्तरेचं पाखं तुझं. त्यासाठीच हे पत्र. खालच्या लादीवर वरची लादी तू किती बोटं चढवली होतीस? चार की पाच? तेवढंच कळव, एका ओळीत. तुझ्या पाख्यावर मी एक लादीही ठेवली नव्हती, त्यामुळे मला ठाऊक असायचं कारण नाही.

चेल्सो वर लाद्या पोचवायला येतो. ऐंशी पार केलीत त्याने, ठार बहिरा झालाय, पण पाठीवर अजून दोन लाद्या घेतो. खाणीवर ज्याने तुला हाताला धरून शिकवलं तोच हा माणूस, आणि आता माझ्या हाताखाली. मला कोणी शिकवलं नाही, हे तुला माहीतच आहे. पडक्या गोठ्यांची छपरं उलगडून मी शिकलो.

आई गेल्याचं ओर्नेल्लाने तुला कळवलंच असेल. तिच्या थडग्यावरची लादी मी घातली. पाणसळ लावून तपासली, केसभरही कललेली नाही.

रेमीजिओ


व्हेर्कारो, २१ सप्टेंबर १९९५

एल्वेत्सिओ,

उत्तर आलं नाही. पोस्टाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. पाच वेळा आली, पाचही वेळा मी फाटकाशी उभा होतो, आणि पाचही वेळा ड्रायव्हरने खिडकीतून मान हलवली. शेवटी म्हणाला, "रेमीजिओ, या वयात प्रेमपत्राची वाट बघतोयस का?" मी त्याला वासे मोजायची पट्टी दाखवली.

ओर्नेल्लाने विचारलं, "काय लिहिलंस त्याला?"

मी सांगितलं.

"सतरा वर्षांनी भावाला विचारलंस काय, तर चार बोटं की पाच बोटं?"

"कामाचं विचारलं."

"वा! तो दगड आणि तू त्याच्यावरचा दगड. छान बसाल एकावर एक."

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं.

बाबांनी तुझं नाव एल्वेत्सिओ ठेवलं, कारण ते स्वित्झर्लंडच्या बोगद्यात खणायला होते आणि तिथेच त्यांना तू झाल्याची चिठ्ठी मिळाली. नावातच परदेश घातला होता त्यांनी. पण तू तिकडे गेलास तो नावामुळे नाही. ते असो. तिथल्या कारखान्यात तू सिमेंटचे पत्रे ओततोस, असं ऐकतो. कमरेइतका मोठा एक पत्रा आणि चार खिळे, की झालं छप्पर! तुझ्या हाताला ते कसं मानवतं कोण जाणे. मी एकदा सिमेंटचा पत्रा हातात घेतला होता. आपल्या लादीसारखी त्याला ना पाठ, ना पोट. कसाही ठेवा.

इथली हालहवाल अशी. वासे बदलले, लार्चच्या लाकडाचे घातले. खालचे नऊ थर तुझे, ते नीट निघाले. त्याच लाद्या पुन्हा घालणार. त्यावरच्या पाच थरांच्या लाद्या फुटलेल्या निघाल्या, काहींचे पापुद्रे सुटले होते. त्या मी खाली ओढ्यात टाकून दिल्या. कामाच्या नव्हत्याच.

गुडघा वाजतो. शिडीची अकरावी पायरी आली की थांबावं लागतं. चेल्सो खालून ओरडतो, "काय रे पोरा, दमलास?" चौपन्न वर्षांचा पोरगा मी. काय करायचं सांग! त्याला ऐकू येत नाही, म्हणून शिवी देता येते, तेवढंच सुख.

चार बोटं की पाच, ते कळव.

रेमीजिओ


व्हेर्कारो, ६ ऑक्टोबर १९९५

एल्वेत्सिओ,

लाद्या ओढ्यात टाकलेल्या नाहीत.

गोठ्यामागे ताडपत्री घालून ठेवल्या आहेत, सदतीस नग. टाकायला म्हणून दोन वेळा ढकलगाडीवर घातल्या आणि ओढ्याच्या कठड्यापर्यंत नेल्या. तिथून परत आणल्या. चढ आहे तो. गुडघ्याला विचार.

आणि चार बोटं की पाच हेही मी उगाच विचारलं. थर माझ्यासमोर उघडे पडले होते, बोट ठेवलं की कळलं असतं. चार बोटं आहेत, तू सगळीकडे चारच दिली आहेस, एकाही ठिकाणी साडेतीन नाही. मला बघायचं होतं तू लिहितोस का, आणि लिहिलंस तर त्यात आणखी काय येतं.

आता सरळ लिहितो. थकलोय, वाकडं लिहायला जास्त श्रम पडतात.

बावीस ऑगस्टला पहिल्यांदा तो वरचा भाग उघडला, म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या बारा दिवस आधी. मी लाद्या काढून चेल्सोच्या हातात देत होतो. त्याची सवय तुला माहीत आहे. कुठलीही लादी हातात आली की आधी अंगठा फिरवतो. खालच्या थरांवर अंगठा फिरवायची गरजच नव्हती, कारण प्रत्येकीच्या पोटावर खालची बाजू दाखवणारी तुझी कोळशाची फुली होती. एकोणीस वर्षं झाकलेली, त्यामुळे काल काढल्यासारखी ताजी. वरच्या पाच थरांना फुली नव्हती. चेल्सोने पहिल्या लादीवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "उलटी."

दुसरी दिली. "उलटी."

तिसरी सरळ निघाली. चौथी उलटी. डोंगरात जी बाजू खाली होती ती वर आली होती. पाणी पिणार, गोठणार, आणि पानासारखी सुटणार. तीन हिवाळेही लागत नाहीत.

मग त्याने लादीची कड डोळ्याजवळ धरली. कड झोडताना तुझ्यासारख्या डावऱ्या माणसाच्या हातोडीचे घाव डावीकडे कलतात, उजव्याचे उजवीकडे. लहान पोराला सांगितलं तरी कळेल. त्याने कडेवर बोट ठेवलं, ते तिरक्या घावांवरून फिरवलं, आणि माझ्या हाताकडे बघितलं. हातोडी माझ्या उजव्या हातात होती. मी त्याला पुढची लादी दिली.

आता ११ सप्टेंबर १९७६ बद्दल. तुझ्या मुलीचा जन्म. तिची तारीख मला पाठ आहे, याचं तुला नवल वाटेल. तू दोन दिवस खाली दोमोदोस्सोलाला इस्पितळात होतास. त्याच आठवड्यात सण होता, बिशप येणार होते, आणि तुझ्या पाख्याचा वरचा भाग उघडा होता. मी वर गेलो आणि थर घातले. एकट्याने, दोन दिवसांत, आणि मला त्याचा गर्व होता. फुल्या मारलेल्या लाद्या संपल्या होत्या. उरलेला ढीग खाणीतून कसाही येऊन पडलेला. मला फुली कशाला लागतेय? मी लादी वाजवून पाठ ओळखतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. फुली मारणारा म्हणजे बोटं मोजून बेरीज करणारा. तुलाही तसंच म्हणालो होतो, जेवताना, आईसमोर.

वाजवून पाठ ओळखता येत नाही, एल्वेत्सिओ. वाजवून फक्त तडा ओळखता येतो. हे मला त्याच वर्षी कळलं होतं की नंतर, ते आता आठवत नाही. माझ्या सोयीनेच विसरलो असेन.

मग मार्च १९७८. गळती लागली, चित्र भिजलं, म्हाताऱ्या बायका रडल्या. ओर्नेल्लाच्या खानावळीत त्या संध्याकाळी अकरा लोक होते. कोणीतरी विचारलं, उत्तरेचं पाखं कोणाचं? तू माझ्या समोर बसला होतास. आणि मी म्हणालो, "चूक माझीच. डावऱ्याच्या हाती छप्पर दिलं. डाव्या हाताने आपण क्रूसाची खूणसुद्धा करत नाही." सगळे हसले. किती हिशेबाने बोललो होतो बघ, चूक स्वतःवर घेतल्यासारखं.

विसरलो होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवत होतं असंही नाही. मला त्या थरांकडे बघायचं नव्हतं. म्हणून तर दुरुस्ती करताना थर उचलू दिले नाहीत. वरून डांबरी कागद सरकवला, ठिगळ लावलं, आणि म्हणालो, माझ्या भावाची चूक आहे, ती मी उघड्यावर आणणार नाही. लोकांनी मला मोठ्या मनाचा म्हटलं.

आईने अखेरपर्यंत तेच धरलं. "एल्वेत्सिओचा हात चांगला होता, पण लक्ष नव्हतं," असं म्हणायची. मी समोर बसून सूप पीत असायचो.

आता ठरवायचं राहिलंय ते एवढंच. पुढच्या पंधरवड्यात छप्पर बंद होईल. नव्या लाद्या खाली आहेत, चेल्सोने प्रत्येकीवर फुली मारली आहे, मीच मारायला सांगितली. एकदा बंद झालं की तुझं पाखं कोणी पुन्हा उघडणार नाही, निदान आपण जिवंत असेपर्यंत नाही. त्या सदतीस लाद्या ओढ्यात गेल्या की मग मी म्हणेन ते खरं.

मी त्या अजून टाकलेल्या नाहीत. याहून जास्त आज लिहिता येत नाही.

रेमीजिओ


व्हेर्कारो, २३ ऑक्टोबर १९९५

एल्वेत्सिओ,

शनिवारी आढ्यापर्यंत छप्पर पुरं झालं. रविवारी रिवाजाप्रमाणे जेवण. ओर्नेल्लाने मक्याचा पोलेंटा आणि हरणाचं मटण केलं, बाहेर अक्रोडाखाली लांब टेबल मांडलं. तेवीस माणसं. एवढी माणसं आता सणालाही नसतात.

सकाळी मी त्यातल्या चार लाद्या ढकलगाडीत घालून आणल्या आणि टेबलाच्या टोकाला ठेवल्या. लोकांना वाटलं काहीतरी विधी आहे. जेवण झाल्यावर मी उठलो. बोलायचं काय ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण चष्मा वर छपरावर राहिला होता, म्हणून तोंडानेच बोललो. सतरा वर्षांपूर्वी चॅपेल गळलं ते माझ्यामुळे. वरचे पाच थर मी घातले होते, उलटे. एल्वेत्सिओने नाही. त्याच्या हातात काही दोष नव्हता. त्याचे नऊ थर आजही तेच आहेत, तुम्ही आत्ता ज्या छपराकडे बघताय त्यात आहेत.

मग टेबलाच्या त्या टोकाहून चेल्सो ओरडला, "काय म्हणतोय तो?"

ओर्नेल्ला त्याच्या कानात ओरडली, "म्हणतोय, चूक त्याची होती!"

"कसली?"

"लाद्यांची! उलट्या घातल्या त्याने!"

"मग मी दोन महिने काय उचलत होतो? बटाटे?" चेल्सो म्हणाला. "बोलायला एवढे दिवस लागले होय याला!"

लोक हसले. मी उभाच. मग ती मिलानहून आलेली बाई, जिने वरच्या आळीतला फोर्नारांचा गोठा विकत घेतला आणि त्यात न्हाणीघर केलं, तिने शेजारणीला हळूच विचारलं, "एल्वेत्सिओ म्हणजे कोण? इथेच राहतात का?"

मी टेबलावर नजर फिरवली. १९७८ सालच्या त्या संध्याकाळच्या अकरांपैकी कोण कोण आहे ते मोजलं. ओर्नेल्ला. चेल्सो. मी. बाकीचे वर कब्रस्तानात, एक तुरिनला मुलीकडे, आणि एक तू. टेबलाशी आम्ही तेवीस जण, त्यातल्या वीस जणांना काय झालं होतं हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या, एल्वेत्सिओ! छपराला वाजवल्या की मला, कोण जाणे. मी खाली बसलो.

नंतर भांडी आत नेताना ओर्नेल्लाला म्हणालो, "सांगून टाकलं."

"आम्हाला सांगून काय उपयोग? आम्ही का त्याला हाकललं?" मग हातातली थाळी खाली ठेवून म्हणाली, "नाही, हाकललंच म्हण. मीही हसले होते त्या दिवशी. मला आठवतंय, पोट धरून हसले होते."

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू इस्पितळातून परत आलास त्या दिवशी हातात केकचा खोका होता. पायवाटेच्या वळणावर थांबलास, छपराकडे बघितलंस, बराच वेळ. मला वाटलं, खूश झालास. मी वरून हात हलवला. तूही हलवलास.

तुझं स्वतःचं पाखं होतं ते. थर तुला मोजायला नकोत. घाव तुला वळणावरून दिसत नसतील, पण दुसऱ्या दिवशी तू वर चढला होतास, आढ्याच्या लाद्या बसवायला. माझ्याबरोबर, माझ्याशेजारी. तुला माहीत होतं. त्या संध्याकाळी खानावळीत मी ते वाक्य बोललो, तेव्हा तू माझ्याकडे बघत राहिलास आणि ग्लास पुरा संपवलास. घाई केली नाहीस. मला तेव्हा वाटलं, याला बोलायला तोंड नाही. आता वाटतं, मी काही बोलेन म्हणून तू तेवढा वेळ दिलास मला. एक ग्लासभर वेळ.

आणि मी तो लोकांबरोबर हसण्यात घालवला.

परत ये असं म्हणत नाही. तुझं घर तिकडे आहे, मुलगी तिकडे मोठी झाली. माफ कर असंही लिहिणार नाही. ते मागितलं की तुला काहीतरी करावं लागेल, आणि माझ्यासाठी तू काही करावंस असं माझ्याकडे काही नाही. फक्त कागदावर असावं म्हणून लिहितो: १९७६ च्या सप्टेंबरमध्ये उत्तरेच्या पाख्याचे वरचे पाच थर रेमीजिओने घातले. सही करतो.

रेमीजिओ गारबान्याती


व्हेर्कारो, ९ नोव्हेंबर १९९५

एल्वेत्सिओ,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. ड्रायव्हरने या वेळी गाडी थांबवली आणि खाली उतरून हातात दिलं.

मागे बर्फाच्या डोंगराचं चित्र, पुढे तुझं डावीकडे कललेलं अक्षर. मी ते फाटकाशीच उभ्याने वाचलं. मग घरी जाऊन चष्मा लावून पुन्हा वाचलं, कारण वाटलं काही सुटलं असेल. सुटलं नव्हतं. एवढंच होतं:

"पाच नाही, सहा. सहावा आढ्याच्या लादीखाली आहे. बर्फाआधी काढ."

ना नाव, ना सही.

मी हिशेब करत बसलो. माझ्या आठवणीत पाचच. पाचव्यानंतर मी खाली उतरलो, वाइन प्यायलो, बूट काढले. मग आढ्याखालचा थर कोणी घातला असेल? चेल्सोने? तू? तो थर आम्ही या खेपेला काढलाच नव्हता. वरच्या लाद्या पक्क्या बसल्या होत्या, ठिगळाचा डांबरी कागद तिथवर चढलेला होता, आणि मी म्हणालो, हा बरा आहे, राहू दे.

बुधवारी सकाळी आकाश राखाडी होतं. वाऱ्याला बर्फाचा वास होता. शिडी लावली. चेल्सोला बोलावलं नाही, त्याला सर्दी झाली आहे. अकराव्या पायरीवर थांबलो, मग चढलो. आढ्यावरच्या तीन लाद्या पहारीने उचलून बाजूला ठेवल्या आणि डांबरी कागद फाडला.

सात लाद्यांचा थर. फुली एकीवरही नाही. पहिलीच्या कडेवरून बोट फिरवलं, घाव उजवीकडे कललेले, माझेच. अंगठा फिरवला, चेल्सोसारखा नाही फिरत माझा, पण एवढं कळलं. सातांपैकी पाच उलट्या. तिसरीचा तर पापुद्रा माझ्या नखाने सुटला. हा हिवाळा टिकली नसती. वसंतात पाणी पुन्हा भिंतीवर उतरलं असतं, आणि आता तर सगळ्यांना ठाऊक होतं की छप्पर माझं आहे.

ते तू होऊ दिलं असतंस तर कोणी तुला काही म्हटलं नसतं. मीसुद्धा नाही.

पाचही लाद्या काढल्या. खाली फुलीच्या लाद्या आठ उरल्या होत्या, त्यातल्या पाच एकेक करून पाठीवर वर नेल्या. चार बोटं चढवून घातल्या. तिसरी बसवत असताना खाली पायवाटेवर लोक जमले. सकाळचा पाव आणायला निघालेले, ती मिलानची बाई, तिचा नवरा, दोन म्हाताऱ्या. ओर्नेल्ला हात कमरेवर ठेवून उभी होती.

"रेमीजिओ! काय करतोयस वर? छप्पर झालं ना? जेवण जेवलो ना आम्ही?"

मी हातातली लादी ठेवली. वारा होता, म्हणून ऐकू जावं एवढ्या मोठ्याने ओरडलो.

"मोजायला चुकलो!"

"काय?"

"मोजायला चुकलो! भावाने कळवलं!"

खाली कोणी हसलं नाही. मी उरलेल्या दोन लाद्या घातल्या, आढं बंद केलं आणि उतरलो. दुपारी बर्फ पडायला लागला. अजून पडतोय. संध्याकाळी चॅपेलमध्ये जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी आहे.

सहा थर. मागच्या पत्रात मी पाच लिहून सही केली आहे. ते पत्र ठेवलं असशील तर तिथे दुरुस्त करून घे.

रेमीजिओ